लंकाबाईच्या मऊ चपात्या

राजुरीला दिलेली सोनल माहेरी यायची, तेव्हा लंकाबाई घोडेगावच्या बाजारातून मुद्दाम गव्हाचं पीठ आणायची. शिनोलीच्या वरच्या अंगाला तिचं घर. स्वतः ती आणि नवरा सावळेराम नाचणीची भाकर खायचे. लेकीच्या ताटात मात्र चपाती, वर तुपाचं बोट फिरवलेली.

याला कारण होतं. सोनलच्या लग्नानंतर लंकाबाई पहिल्यांदाच राजुरीला गेली, तेव्हा विहीणबाईंनी विचारलं होतं, "तुमच्याकडं काळीच भाकर ना वो? आमच्यात चपातीबिगर चालत नाय." बाया हसल्या. लंकाबाईपण हसली. पण ते बोलणं तिच्या मनातून काही गेलं नाही.

सहा वर्षं सोनलचं पोट ताळ्यावर नव्हतं. फुगायचं, दुखायचं, जुलाब लागायचे. अंगात रक्त ठरेना. दोनदा दिवस राहिले, दोनदा मूल हाती लागलं नाही. ओवा झाला, जंताचं औषध झालं, गॅसच्या गोळ्या झाल्या. सासरी म्हणत, "नाटकं हायेत. माहेरी जायचं निमित्त."

एका डॉक्टरनं विचारलं होतं, "माहेरी भात-नाचणी खाऊन बरं वाटतं का?"

"नाय. तिकडंबी तसंच," सोनल म्हणाली. माहेरीही आपण चपातीच खातो, हे सांगायचं तिला सुचलं नाही. डॉक्टरनं तो विषय सोडून दिला.

यंदा पुण्यात रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा काढला. डॉक्टरीणबाईंनी मायलेकींना समोर बसवलं.

"गहू हिच्या आतड्याला सोसत नाही. चपाती, रवा, मैदा, पाव, सगळं जन्मभर बंद. तांदूळ, नाचणी, ज्वारी चालेल. पण गव्हाच्या गिरणीत दळू नका, पीठ मिसळतं. हळूहळू बरं वाटेल."

"आन् ती लेकरं?" लंकाबाईनं विचारलं.

"यानंही गेली असतील. नक्की सांगता येत नाही, आजी. पुढं आशा आहे."

घरी येऊन लंकाबाईनं माळ्यावरचं जातं उतरवून घेतलं, धुतलं, वाळवलं. नाचणी दळली. नव्या तव्यावर भाकर टाकली.

सोनल पहिला घास खाऊन थांबली. "आये, दिवाळीला मी हीच मागितली व्हती, आठवतं?"

"आठवतं."

"तू म्हणलीस, गप, सासरी कळलं तर नाक कापलं जाईल माझं."

"व्हय."

"मी आपलं सहज म्हणलं, आये. तू रडू नको."

लंकाबाईनं तव्यावरची भाकर हातानंच उलटली. चटका बसला, तरी हात लगेच मागं घेतला नाही.

"तवा तुला पाचवा म्हयना सरत आला व्हता," ती म्हणाली.

सोनलनं मान खाली घातली आणि दुसरा घास मोडला.