अंदाज आणि मोजणी

नागापूरच्या आमच्या ब्रेकच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारा एक बुवा आहे. तपासलेल्या प्रत्येक पार्टची एक ओळ त्याच्या यादीत पडते. ती यादी छापली, तर कागद कर्जतपर्यंत पसरून वर चार एकर झाकेल. साहेबांनी "किती ओळी?" विचारलं, की पापणी लवायच्या आत हा "अंदाजे" म्हणून आकडा सांगतो. बायकोला स्वतःचं वयही अंदाजेच सांगत असणार.

एकदा मी गुपित विचारलं.

"मोजतंय कोन, भाऊ? कॉम्प्युटर सोताच अंदाज लिवून ठेवतो, मी त्यो वाचतो. खरं मोजायचं तर समद्या ओळी चाळाव्या लागत्यात. लई येळ जातो."

परवा टेम्पो भरून उभा होता. आजवर बनलेले पार्ट आणि तपासणीच्या ओळी जुळल्या, तरच गाडी सोडायची असते.

"अंदाजे जुळतंय," हा म्हणाला.

"झालं तर! सोडा गाडी," साहेब म्हणाले.

यानं ड्रायव्हरच्या हातातली चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली. "साहेब, ब्रेक हायेत. बिनतपासलेला एक जरी गेला, तर गाडीखाली येनारा मानूस अंदाजे मरत न्हाई. थांबा, मोजतो."

मोजणीला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात ड्रायव्हरनं टपरीवरचा चहा आटवला आणि साहेबांच्या कपाळावर पापड भाजला असता.

एकोणीस ओळी कमी भरल्या. म्हणजे एकोणीस पार्ट तपासणीविना पेट्यांत गेले होते.

पहिली पेटी उतरवायला बुवाच टेम्पोत चढला. साहेबांनी बाह्या वर केल्या आणि पेटीचं दुसरं टोक धरलं.