भावोजींचं ‘मिठागर’ आणि परीक्षक महाशय

वसंत भावोजी गेल्याचा फोन दुकानाशेजारच्या एसटीडी बूथवर आला, तेव्हा मी एका बाईंना कंपासपेटी दाखवत होते. त्यांना सुटे परत दिले, शटर ओढलं आणि मग रडले... दुकानदार बाईचं रडणंही गिऱ्हाईक गेल्यावरच. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर, पनवेलच्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर. पण आज मी रडगाणं गायला बसलेले नाही. ते गेल्यावर पंधरा दिवसांनी याच पुरवणीत एका नामवंत परीक्षकांनी त्यांच्यावर गोडगोड लेख लिहिला. ‘त्यांच्या खेळाचं वेगळेपण सर्वप्रथम मीच हेरलं,’ म्हणे! वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संपादकांना म्हटलं, मलाही तेवढीच जागा द्या. त्यांनी दिली. आता ऐका.

खेळाचं नाव ‘मिठागर’. पटावर मिठाचे वाफे आखलेले, पाऊस यायच्या आत आपापलं मीठ गोळा करून कोठारात न्यायचं. फासे नव्हते. चार फोडलेले चिंचोके मुठीत खुळखुळवून टाकायचे. जितके पांढरे पडतील तितकी घरं पुढे, चारही काळे पडले की पाऊस, वाटेतलं मीठ गेलं वाहून! ही पावसाची युक्ती मिठागरात जन्म काढलेल्या दामाकाकांची. भावोजींनी आधी पावसासाठी वेगळं घर आखलं होतं. ते बघून दामाकाका म्हणाले, “मास्तर, पाऊस सांगून येत नाय. तुमच्या खेलात पन तो असाच आला पायजे.” शाळा सुटली की भावोजी दुकानामागच्या खोलीत पुठ्ठे कापत बसायचे, मी खळ लावायचे. रविवारी सकाळी अख्खं गाव टीव्हीपुढे बसायचं ते दिवस. तरी पहिल्याच मे महिन्यात डबे हातोहात गेले. नुसते गेले नाहीत, मुलं परत यायची, “मावशी, एक सोंगटी हरवली, द्या ना.” भावोजींचा चेहरा फुलायचा. “वहिनी, सोंगटी हरवली म्हणजे खेळ चाललाय!”

मग कुणीतरी सुचवलं, वर्तमानपत्रात परीक्षण आलं तर मुंबई-पुण्याचे दुकानदारही माल घेतील. भावोजींनी स्वतः जाऊन याच परीक्षक महाशयांच्या हातात डबा दिला. महिन्याभराने छापून आलं, ‘डब्यात फासेच नाहीत. उलट फुटके चिंचोके निघाले. बांधताना कुणीतरी चिंच खात बसलं असावं. मी ते केरात टाकले.’ अहो, नियमांच्या कागदावरची पहिली ओळच चिंचोक्यांची होती! तो कागद उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. पण छापलेल्या शब्दापुढे आमचं कोण ऐकतो? परीक्षण येणार या भरवशावर पुण्याच्या एका दुकानदाराने माल घेतला होता, त्याने तो सगळा परत धाडला, न फोडता. माझ्या दुकानात येऊन लोक दात काढायचे, “काय काकू, चिंच तुम्हीच खाल्लीत ना?” भावोजी हसून घालवायचे आणि मागे जाऊन महाशयांना पत्र लिहायचे. त्यांना माफी नको होती, महाशयांच्या नावाने छापलेल्या दोनच ओळी हव्या होत्या : ‘मी न खेळता लिहिलं होतं. चिंचोके हेच या खेळाचे फासे आहेत.’ किती पत्रं गेली कोण जाणे... उत्तर एकालाही नाही.

काही वर्षांनी त्याच ‘मिठागर’ला उत्कृष्ट शैक्षणिक खेळाचं बक्षीस लागलं आणि निवड समितीचे अध्यक्ष कोण? हेच! भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. आता तरी चारचौघांत बोलतील, एवढीच आशा. महाशयांनी शाल घातली, नारळ दिला आणि फोटोवाल्याकडे बघत हळूच विचारलं, “तुमचा खेळ कुठला हो?” म्हणजे बक्षीससुद्धा न खेळताच दिलेलं. घरी आल्यावर भावोजींनी ती शाल पिशवीतून बाहेरही काढली नाही. मी मात्र डब्यांवर बक्षिसाच्या सोनेरी चकत्या चिकटवल्या आणि खप पुन्हा चढला; खोटं कशाला बोलू? शाळा स्नेहसंमेलनात बक्षीस द्यायला गठ्ठ्याने न्यायच्या. आईबाप घ्यायचे आणि ‘महागाचं आहे, बक्षीस मिळालेलं आहे’ म्हणून शोकेसमध्ये ठेवायचे. मी गल्ल्यावर खूश होते. एक दिवस पुठ्ठा कापता कापता भावोजी थांबले. म्हणाले, “वहिनी, हल्ली सोंगटी हरवली म्हणून कुणीच येत नाही.” त्यानंतर त्यांनी नवा डबा बांधला नाही. पत्रं मात्र लिहीत राहिले, अगदी दवाखान्यात जाईपर्यंत.

मागच्या आठवड्यात महाशय स्वतः दुकानात अवतरले. पुढच्या लेखासाठी भावोजींचा फोटो हवा होता. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं, सुरीच्या चरांनी भरलेल्या भावोजींच्या टेबलाशी बसवलं आणि पट मांडला. “फोटो देते. आधी एक डाव.” त्यांनी डब्यात हात घातला. “फासे कुठायत?” मी चार चिंचोके त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांचे कान लाल झाले, तो क्षण मी डोळे भरून पाहिला. मग खेळले. कोठार दोन घरांवर आलं आणि चारही काळे पडले. “अरेरे, गेलं की हो सगळं!” म्हणून ओरडले आणि लगेच, “आणखी एक!” असे तीन डाव झाले. चहा तसाच गार झाला.

“आता त्या दोन ओळी लिहा,” मी म्हटलं.

“जाऊ द्या हो, माणूस गेला... जुनं कशाला उकरायचं?” ते खिशातून पाकीट काढत म्हणाले. “पण खेळ झकास आहे! एक डबा द्या. नातीबरोबर खेळेन.”

“नाही मिळणार.”

“अहो, समोर फळीवर अकरा दिसतायत!”

“दिसू देत. ते विकायचे आहेत, पण तुम्हाला नाही.”

“मग मी खेळायचं कशावर?”

“कशाला खेळता?” मी पट गुंडाळला. “आजवर न खेळताच लिहिलंत ना? याही वेळी तसंच लिहा.”