सुटलो

ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा तो उग्र, खारट वास आला की आजही माझा जीव घुसमटतो. पन्नास सालाच्या आसपास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येताना आमची बोट अशाच चिखलात रुतली होती. शेजारी माझा दोस्त हिराजी. मुंबईच्या डॉक्टरांनी सकाळीच त्याला कॅन्सर सांगितला होता; आता उपाय नाही म्हणाले.

मला ना उतरता येत होतं, ना त्याच्या तोंडाकडे बघता. "कवा लागनार ही भरती?" मी चरफडलो.

"आरं, घाई मला आसाया पायजे," हिराजी हसला. "यम याच बोटीत आसंल, तर तो बी रुतलाय!"

समोरची कोळीण खवळली. "मेल्या, काय आभद्र बोलतोस?"

"आजून न्हाय गो मावशी, जरा थांब!"

तिला काही ठाऊक नव्हतं, तरी ती खुदकन हसली. मग आम्ही तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

एवढ्यात बोट हलली. "सुटलो!" मी ओरडलो. रेवसच्या धक्क्यावर हिराजीची बायको वाट बघत असणार होती. त्याने माझं मनगट गच्च धरलं.

पावसाआधीच तो गेला. "सुटला बिचारा," गाव म्हणालं. माझं मनगट अजून सुटलेलं नाही.