हात वर केला तरच

"हात लावायचा न्हाय कुणी! मागं सरा!"

आमचा कॅप्टन ओरडत होता. त्याचा आवाज म्हणजे असा, की तो सोलापुरात खाकरला तर कुर्डुवाडीच्या फलाटावरचे लोक गाडी आली म्हणून बोचकी उचलतात.

मैदानात आमचा नवा गडी व्हीलचेअरसकट आडवा पडला होता, कमरेच्या पट्ट्याने खुर्चीलाच बांधलेला. सामना बघायला आलेली दयाळू माणसं त्याला उचलायला धावली होती. या दयाळू लोकांचा आम्हाला फार जाच. मला तर एकदा भाजीबाजारात, रस्ता ओलांडायचा नसताना, चौघांनी खुर्चीसकट उचलून पलीकडे ठेवलं. परत यायला संध्याकाळ झाली.

म्हणून आमच्या बास्केटबॉलच्या संघात एक रीत होती. पडलेल्याने हात वर केला तरच मदत करायची. तोवर बाकीच्यांनी त्याच्याभोवती खुर्च्यांचं रिंगण धरायचं, त्याच्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून. त्याच्या धडपडीचा तमाशा नको. हात मात्र आजवर कुणी वर केला नव्हता. मी एकदा असा आदळलो की फरशीला भेग गेली, ती अजून पाहुण्यांना दाखवतो. पण हात? छे.

नवा गडी भवानी पेठेतला. यंत्रमागावर कामाला होता. जिन्यावरून पडला, पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचं काही कळेनासं झालं. मग घराबाहेरच पडेना. आमच्यात आल्यावर माणूस पुन्हा हसायला लागला, शिव्याही द्यायला लागला. त्याला आता एवढंच हवं होतं, आमच्यातला एक व्हायचं. हा त्याचा पहिला सामना.

आम्ही रिंगण धरलं. पाठीमागे कोपरं घासल्याचा आवाज, धापा, मग चाकं जमिनीला टेकल्याचा धप्प. उठला पठ्ठ्या. कॅप्टनने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की दुसरा कुणी पुन्हा आडवा झाला असता. तो हसला आणि शेवटपर्यंत खेळला.

सामना संपल्यावर पायांचा पट्टा सोडला, तर त्याचं डावं पाऊल भलतीकडेच बघत होतं. नडगी मोडली होती. पाय केवढा सुजला होता, ते मी वाढवून सांगणार नाही. होता तेवढाच पुरे होता.

डॉक्टर म्हणाले, लगेच आणला असता तर प्लास्टरवर भागलं असतं. आता ऑपरेशन. खेळायचं काय, ते पुढचं पुढे.

कॅप्टन त्याच्या खाटेला खुर्ची लावून बसला. एवढा बारीक आवाज त्याच्याकडे आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"पडल्यावर पाय बघितला न्हाईस व्हय?"

"बघितला की, अण्णा. वाकडा दिसला."

"मग हात का न्हाय वर केलास?"



"तुमच्यातल्या कुणी कवा केलाय?"