काटामामाची हलकी गाडी

बऱ्हाणपूरजवळच्या बहादरपुरात माझ्या मामाला सगळे काटामामा म्हणत. केळीचा घड दोन्ही हातांवर घेऊन, डोळे मिटून तो वजन सांगायचा आणि काट्यावर तेवढंच भरायचं. व्यापारी दांड्याचं वजन वजा करतात, म्हणून मामा नेहमी दोन आकडे सांगायचा: दांड्यासकट आणि दांडा सोडून. मलाही त्यानेच हातावर तोलायला शिकवलं. पुढे पुढे तर बारशाला गेला तरी बाळाचं नाव विचारायच्या आधी वजन सांगायचा. मामी कपाळाला हात लावायची.

अशा माणसाने साठीत इंदूरहून जुनी, दोन दारांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार आणली, तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं. इंदूरबाहेर हौशी लोक गाड्या पळवतात, तिथे एकदा आपलीही पळवायची, एवढीच त्याची हौस. इंजिन बदलून घे, असं मी सुचवलं. "इंजन काय करीन रे भाच्या? पहिले वजन कमी कराव लागते," तो म्हणाला.

मग एकेक वस्तू उतरू लागली. गालिचा गेला, स्टेपनी गेली, टेपही गेला. शेवटी नजर बॅटरीवर पडली. जुनी शिशाची बॅटरी अठरा किलोंची, नवी लिथियमची जेमतेम पाच. ती पार्सलने आली त्या दिवशी मामाने ती एका हातावर तोलली आणि लहान पोरासारखा हसला. तेरा किलो उतरले, हे अख्ख्या गल्लीला सांगून झालं.

संध्याकाळी गाडी जैनाबादपर्यंत पळवून बघायची ठरली. आम्ही बसतोय तोच शेजारच्या काकू तिथल्या लेकीसाठी केळीचा घड घेऊन आल्या. मामाला उभ्या जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नाही. घड माझ्या मांडीवर आला. "किती?" मामाने विचारलं. मी सोळा म्हणालो. "दांडा सोडून सांग," तो म्हणाला, आणि तापीच्या पुलावर आम्ही दोघं पोट धरून हसलो.

त्याच हिवाळ्यात मामा स्वतःच उतरू लागला. आधी वाटलं, गाडीमागची धावपळ. मग पँट पट्ट्यानेही राहीना. इंदूरला नेलं खरं, पण दवाखान्यात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच न्या. मामी शिरा करून समोर बसायची, तो दोन घास खाऊन ताटली सरकवायचा. मी नुसता बघत राहायचो. आयुष्यात इतका हतबल मी कधी झालो नव्हतो. गाडीतून काय काढायचं ते आम्हाला कळत होतं, पण या माणसात काय घालायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका सकाळी त्याने गाडीत बसवायला सांगितलं. इंदूर राहू दे, पुलापर्यंत ने, म्हणाला. मी त्याला दोन्ही हातांवर उचललं. हातांना आकडा लगेच कळला.

"किती भरलो?"

मी वीस किलो वाढवून सांगितले. मामा माझ्याकडे बघत राहिला.

"दांडा सोडून सांग, भाच्या."

मी त्याला सीटवर ठेवलं, पट्टा लावला आणि गाडी काढली. इतकी हलकी ती कधीच झाली नव्हती. पुलावरून मी ती जमेल तितकी हळू चालवली.