मास्तरांसाठी निवडलेला पियानो

भोरच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारे मास्तर मला लहानपणी पेटी शिकवत. मी पुण्यात भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात होते, तेव्हा सुट्टीत ते घरी आले.

“ताई, ह्या कीबोर्डातला पियानो जोरात मारला की पत्र्यावानी वाजतो बघ. तुज्या लॅपटॉपातनं खरा काडता येतो म्हनं?”

येत होता. मोठ्या पियानोची प्रत्येक पट्टी हळू, मध्यम, जोरात अशी वाजवून ध्वनिमुद्रित केलेली असते. कीबोर्ड लॅपटॉपला जोडला, की पट्टीवर जसा आघात, तसा नमुना उमटतो. माझ्याकडे असे दोन पियानो होते. एकात जोरकस आघातांचे नमुने भरपूर, आवाज उजळ, किंचित कर्कश. दुसऱ्यात हळुवार स्वर अप्रतिम, जोराचे जेमतेम. पुण्याला वसतिगृहात परतल्यावर हेडफोन लावून मी दुसरा निवडला.

मग पुन्हा भोरला येऊन मास्तरांचे आघात मोजले. जवळजवळ सगळे कमाल मर्यादेला टेकलेले. ज्या माणसाने हयातभर ताशाशेजारी उभे राहून वाजवले, त्याचा हात असाच घडणार, हे मला सुचायला हवे होते. मी तो हाताचा दोष मानला आणि आघाताचा आलेख वरून दाबून टाकला. कितीही जोरात मारा, आवाज मध्यमच. हे त्यांना सांगितले नाही.

कामथडीच्या लग्नात मीही मांडवात होते, स्वतःची करामत ऐकायला. शेवटचे मंगलाष्टक संपले, अक्षता पडल्या, आणि त्याच क्षणी उसळायचा तो बँड उसळला. पियानो मात्र ऐकूच येईना. मास्तरांनी खांद्यापासून हात घातला. मनगटाच्या शिरा तटतटल्या.

“मास्तर, न्ह्यारी न्हाई केली का आज?” बँडचा मालक माइकवरून ओरडला. वऱ्हाडी हसले.

परतताना टेम्पोत मास्तर बोटे चोळत बसले होते. “जोर गेला, ताई. वय झालं. म्होरल्या लग्नाला पुतन्याला हुबा करतो.”

खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. मी म्हणाले, “मास्तर, पियानोच खराब निघाला. दुसरा टाकते.”

“म्हंजी हात हाय माजा?”

“आहे की.”

त्याच संध्याकाळी मी पहिला पियानो चढवला आणि आलेख गुपचूप सरळ केला. पुढच्या लग्नात मास्तरांनी पहिलाच सूर असा हाणला, की पंगतीत वाढणारेही थांबून बघू लागले. पुतण्या घरीच राहिला.

त्यानंतर भोरच्या बाजारात कोणीही भेटले, की मास्तर मला पुढे करत. “ही आमची ताई. मशीनीतली खोट हिनंच हुडकली. न्हाईतर म्या बसलोच हुतो घरी.”

समोरचा माणूस कौतुकाने बघे. मी मान खाली घालून चपलेचा पट्टा सारखा करत राही. मास्तर त्याला म्हणत, “बगा, शिकलीय एवडी, पन जरा बी गर्व न्हाई.”