गाभाऱ्याच्या छतावरचं कमळ

आमच्या गावात कुणी शिव्या घातल्या की लोक म्हणतात, "त्यानं माझ्या आईबापाचा उद्धार केला." म्हणून महादेवाच्या देवळासमोर 'जीर्णोद्धार' असा फलक लागला, तेव्हा मला आधी हसूच आलं. तो शब्द किती नेमका होता ते नंतर कळलं.

गाव नाशिकहून सिटी बसने येण्याइतकं जवळ. आम्ही फुलं करतो. शेवंती, झेंडू, बांधाच्या कडेनं मेथी-कोथिंबीर. वडील टोपल्या घेऊन गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, विकायला जायचे आणि आई घरी हार ओवायची. सोमवारचा पहिला हार महादेवाचा. तो हार घेऊन ती गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत जायची आणि गुरवाच्या हातात द्यायची. बाईनं आत पाऊल टाकायचं नाही, असा रिवाज. गाभारा दोन पायऱ्या खाली होता, काळ्या दगडाचा, अंधारा. उंबऱ्यावरून दिसायची ती समईची ज्योत आणि गुरवाची घामेजलेली पाठ. लग्न होऊन आल्यापासून आईनं देवाचं दर्शन म्हणून त्या पाठीचंच दर्शन घेतलं.

माझा धाकटा भाऊ मात्र चड्डीची नाडी बांधता येत नव्हती तेव्हापासून आत जायचा. बाहेर येऊन मला चिडवायचा, "आत वर छताला कमळ हाय. दगडाचं. लय मोठं. तुला नाय दिसायचं!"

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे सांगताना मी आजही आवाज खाली घेत नाही. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं, तर चुलते म्हणाले, "त्यानं पोट भरतं का?" नाही भरत. पण त्यात सौंदर्यशास्त्राचा एक पेपर होता आणि मला वाटलं, ज्या गोष्टी मला उंबऱ्यावरून दिसल्या नाहीत त्या इथं तरी दिसतील.

ते शिकवणारे सर नाशिकचेच, बोलायला गोड. ते सांगायचे, सुंदर वस्तूकडून काही मागायचं नसतं. तिचा उपयोग विसरायचा, आपली श्रद्धासुद्धा बाजूला ठेवायची. मधे थोडं अंतर हवं, तरच कला कळते.

मी विचारलं, "सर, किती अंतर? उंबऱ्याएवढं?"

वर्ग हसला. सरही हसले आणि पुढे गेले.

दुसऱ्या बाजूनं देवळाबद्दलचा धर्माचा विचारही त्यांनी शिकवला. देऊळ म्हणजे देवाचं शरीर. चौथरा म्हणजे पाय, भिंती म्हणजे अंग, शिखर म्हणजे मस्तक, आणि आत गर्भगृह. मी तो शब्द वहीत लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसले. गर्भगृह. आणि जिच्या पोटात गर्भ राहतो तिलाच तिथं मज्जाव. हे मी वर्गात बोलले नाही. एका तासाला एकदाच हसं करून घेणं पुरे असतं.

आमच्या गावात जुनं देऊळ आहे असं कळल्यावर सर वर्गाला घेऊन आले. मुलगे त्यांच्याबरोबर आत गेले. आम्ही मुली उंबऱ्याबाहेर. आतून सरांचा आवाज घुमत होता, "पाकळ्यांचे थर मोजा! मधली कळी कशी खाली लोंबते आहे बघा!" आणि आम्ही मुली बाहेर उभ्या राहून न दिसणारं कमळ वहीत उतरवून घेत होतो. सर भारावून बाहेर आले. आमच्या ओट्यावर बसून आईच्या हातचा चहा घेताना म्हणाले, "तुम्ही भाग्यवान. रोज बघायला मिळतं."

आई म्हणाली, "व्हय साहेब." आमच्याकडे पाहुण्याला खोटं पाडत नाहीत.

परीक्षेत त्या कमळावर मी पाच पानं लिहिली. पेपरात सगळ्यात जास्त गुण त्याच उत्तराला पडले.

पुढे काही वर्षांनी मी एका शाळेत शिकवायला लागले. तोवर गावाभोवतीच्या मळ्यांचे प्लॉट पडले होते, बंगले उठले होते. सिंहस्थ जवळ आला तशी बाहेरची माणसं येणार म्हणून सगळ्यांना आपलं गाव झकपक दिसायला हवं होतं. देऊळ पाडून मोठं आरसीसीचं बांधायचं ठरलं. कमिटीचे अध्यक्ष माझे चुलतेच. सभामंडपात गावाची बैठक बसली. बायका खांबांच्या मागे. मी उठून पुढे गेले.

"काका, दगडाला काही झालेलं नाही. गळतं ते वरच्या चुन्यातून. तेवढंच दुरुस्त करा. आतलं कमळ गेलं तर पुन्हा कुणी घडवणार नाही."

"तुझ्या बापानं मातीचं घर पाडून स्लॅब टाकला, तवा का नाय आडवी पडलीस?"

"ते घर होतं, काका."

"हे बी घरच हाय. देवाचं. आपण स्लॅबखाली झोपायचं आन् देवानं गळक्यात बसायचं का?"

माणसं मान डोलवायला लागली. मग मागून कुणीतरी विचारलं, "ताई, तुम्ही ते कमळ पाहिलंय का पण?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग कुणी सांगितलं?"

"भावानं," मी म्हणाले. "आणि आमच्या सरांनी."

जो हशा उठला तो अजून माझ्या कानात आहे. "बघितलं नाय आन् वाचवाया निघाली!" त्यानंतर माझ्या कॉलेजाचा, मला शिकवणाऱ्या वडिलांचा आणि मुलीला मोकळं सोडणाऱ्या आईचा रीतसर उद्धार झाला. ज्यांनी मला आत जाऊ दिलं नाही, तेच मला विचारत होते की तू आत गेलीस का. यावर रागवायचं असतं हेसुद्धा त्या खांबांमागच्या एकाही बाईला सुचलं नाही. आई तर जमिनीकडे बघत होती.

मी सरांकडे गेले. म्हटलं, तुम्ही येऊन दोन शब्द बोला, तुमचं ऐकतील. सर म्हणाले, "लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. आपण तटस्थ राहावं. फोटो मात्र काढून ठेवा, अभ्यासाला उपयोगी पडतील." तटस्थ म्हणजे तटावर उभा राहिलेला. पायाला पाणी लागत नाही तोवर हे तत्त्वज्ञान फार छान वाटतं. मी पुरातत्त्व खात्याच्या सरकारी कार्यालयातही गेले. तिथं कळलं, या देवळाची नोंदच नाही.

पाडायच्या आदल्या दिवशी त्र्यंबकहून गुरुजी आले. देऊळ पाडायचं तर आधी देवाला त्यातून काढून घ्यावं लागतं. मंत्र म्हणून देवाचा अंश कलशात घेतात आणि तो कलश पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवतात, नवं देऊळ होईपर्यंत. पिंडीही हलवली. गुरुजी बाहेर आले, हात धुतले आणि सहज म्हणाले, "झालं. आता आत काही नाही. नुसते दगड आहेत. कुणीही जा."

लगेच काकांनी हाक मारली, "चला गं बायांनो! आतलं निर्माल्य, तेलाचे डबे, भांडी, सगळं भाईर काढा."

अशा आम्ही गाभाऱ्यात गेलो. आई पुढं, मी मागं, दोघींच्या हातात टोपल्या. आई दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. चारी भिंतींना हात लावता येईल एवढी ती जागा. कोपऱ्यात वाळलेल्या फुलांचा ढीग होता. त्यात तिचेही हार असतील. तिनं भिंतीवरून हात फिरवला, तेलकट काजळी बोटाला लागली, ती पदराला पुसली.

"एवढुसंच व्हय गं?" ती म्हणाली.

मी बॅटरी वर धरली. काजळीतून पाकळ्या हळूहळू दिसायला लागल्या, थरावर थर, आणि मधोमध ती कळी. सरांनी सांगितलं होतं तसंच, पण सरांनी सांगितलं नव्हतं असंही बरंच काही. एका पाकळीचं टोक घडवणाऱ्याच्या हातून उडालेलं होतं आणि त्यानं ते जरा आत वळवून घेतलं होतं. माझ्या पाच पानांत हे नव्हतं.

"उलटं हाय," आई म्हणाली. मग पुन्हा बघून म्हणाली, "उलटं कुठलं? त्याचं तोंड खाली, देवाकडं हाय." आणि हसली. "आता देव नाय, तर आपल्याकडं हाय."

बाहेरून काकांचा आवाज आला, "झालं का? आत काय मुक्काम टाकला का काय?"

आम्ही टोपल्या भरल्या. कलेकडून काही मागायचं नाही, अंतर ठेवायचं, हे मला आठवलं आणि किळस आली. मला त्या कमळाकडून फार काही हवं होतं. ते राहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. शाळेला रजा टाकून मी थांबले. छत खाली आलं तेव्हा धूळ बसल्यावर कमळाचे तुकडे ओळखू आले. गाडीत भरून फेकायचा त्रास नको म्हणून सगळा दगड नव्या चौथऱ्याच्या भरावात टाकला. कुणी चोरलं नाही, कुणी विकलं नाही. नुसतं पुरलं.

नवं देऊळ उंच आहे, गुलाबी आहे, लांबून दिसतं. गुरुजींनी देव कलशातून काढून आत बसवला आणि देवाबरोबर उंबराही परत आला. आता तर ग्रॅनाइटवर कोरून लिहिलंय, 'महिलांनी गाभाऱ्यात प्रवेश करू नये'. आत वर पीओपीचं कमळ केलंय म्हणे, त्यात रंगीत दिवे आहेत. भाऊ सांगतो. आता चिडवत नाही, नुसतं सांगतो.

आई दर सोमवारी हार घेऊन जाते आणि उंबऱ्यावर थांबते. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, तू आत गेलीयेस. आत किती जागा असते ते बघितलंयस. मग अजून बाहेर का उभी राहतेस?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिकलेली पोर असून मला साधी गोष्ट कळत नाही.

"तवा आत देव नव्हता ना," ती म्हणाली. "म्हणून एवढुसं दिसलं."

आणि चौथऱ्याच्या पायऱ्या चढून गेली.